मोटर खरंच जळाली का? बोअरमधून वर काढण्याआधी करा या तीन चाचण्या

पीक ऐन पाण्यावर आलेलं असताना बोअरची मोटर बंद पडली, की पहिला अंदाज ‘जळाली’ हाच असतो. पण पाइपसह मोटर वर काढायची, तर मजुरीही जाते आणि दिवसही. थ्री फेज मोटरचे बरेच दोष स्टार्टरपाशीच कळतात. तपासणी मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

१. पुरवठा : तिन्ही फेजमधील व्होल्टेज आपसांत मोजा. ते साधारण ४१५ हवे. एक फेज नसेल, तर मोटर फिरत नाही, नुसती घुमते. अशा वेळी दोष डीपीवरील फ्यूजचाही असू शकतो.

२. वाइंडिंग : मेन स्विच बंद करून केबल स्टार्टरपासून सोडवा. तीन तारांच्या तीन जोड्यांचा रोध मोजा. आकडे जवळपास सारखे हवेत. मोठा फरक असेल, तर वाइंडिंग किंवा केबल खराब आहे.

३. इन्सुलेशन : ५०० व्होल्टच्या मेगरने तार आणि अर्थिंग यांमधील रोध मोजा. तो १ मेगाओमपेक्षा कमी असेल, तर ओल शिरली असावी. शून्य आला, तर मोटर वर काढावीच लागेल. पण आधी केबलचा जोड सोडवून मोटर वेगळी मोजा. अनेकदा जोडच खराब निघतो आणि रिवाइंडिंगचा खर्च वाचतो.

तिन्ही चाचण्या ठीक आल्या, तर स्टार्टरचे कॉन्टॅक्ट पाहा. पंप वाळूने अडकलेलाही असू शकतो.

चालू मोटरचा एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजवर भार वाढून वाइंडिंग जळते. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवाच.