कापसाच्या जिल्ह्यात वाफेचा रंग

तयार कपड्याच्या मानेमागे शिवलेली चिंधीवजा चिठ्ठी गेल्या काही वर्षांत अनेक कपड्यांवरून नाहीशी झाली असून मापाचा आकडा, धुण्याच्या सूचना आणि उत्पादकाचे नाव आता कापडावरच उमटलेले दिसते. हे उमटवण्याच्या पद्धती अनेक आहेत; त्यांपैकी रंगाची वाफ करून ती धाग्याच्या आत मुरवण्याची पद्धत, म्हणजे सब्लिमेशन छपाई, रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय ठरते. वर्धा जिल्ह्यासारख्या कापसाच्या व खादीच्या मुलखातून तिच्याकडे पाहिले, तर तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा यांचे मूळ एकच असल्याचे ध्यानात येते.

घन पदार्थ द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो, या क्रियेस शालेय विज्ञानात संप्लवन म्हणतात, आणि उघडा ठेवलेला कापूर विरून जातो तो याच क्रियेमुळे. डिस्पर्स रंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या रंगांपैकी काहींच्या अंगी हाच गुण असतो. हे रंग १९२० च्या दशकात अ‍ॅसिटेट या कृत्रिम धाग्यासाठी तयार झाले, कारण कापसाला चालणारे रंग त्या धाग्यावर चढत नव्हते. पुढे १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला, तेव्हा त्यालाही हेच रंग मानवले. कागदावर छापलेला डिस्पर्स रंग उष्णतेने कापडावर नेता येतो, या कल्पनेला १९५७ च्या सुमारास फ्रान्समधील नोएल द प्लास यांनी व्यवहार्य रूप दिले आणि आजच्या सब्लिमेशन छपाईचा पाया घातला गेला.

प्रत्यक्ष काम थोडक्यात असे चालते. मजकूर किंवा चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे करून खास कागदावर छापले जाते, आणि त्या वेळी ते मळकट, निस्तेज दिसते. कागद कापडावर पालथा ठेवून हीट प्रेसमध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला पाऊण मिनिट ते मिनिटभर दाबला की रंगाची वाफ होते. पॉलिएस्टरमधील रेणूंच्या साखळ्या ८० अंशांच्या आसपास सैल होऊ लागतात आणि २०० अंशांना त्यांच्यात पुरेशी जागा निर्माण होते, तर धागा वितळण्यास सुमारे २६० अंश लागतात. या मधल्या पट्ट्यात रंगाचे रेणू धाग्यात शिरतात आणि कापड थंड होताच आतच अडकून पडतात. कापडावर कोणताही थर न चढल्यामुळे बोटाला काही लागत नाही, छपाईला भेगा जात नाहीत आणि नेहमीच्या धुण्याने ती निघतही नाही. गावोगावच्या कबड्डी आणि क्रिकेट स्पर्धांतील रंगीबेरंगी जर्सी, त्यांवरील नावे, क्रमांक व चिन्हे यांसह, बहुतांशी याच तंत्राने तयार होतात. मात्र या रंगांत पांढरा नसतो, पांढऱ्याच्या जागी कापडाचाच पांढरेपणा वापरावा लागतो, म्हणून हे काम फिक्या कापडावरच साधते.

कापसाच्या बाबतीत हे सारे गणित कोलमडते. कापसाचा धागा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज पाण्याला जवळ करते. प्रमाणित हवामानात कोरडा कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सुती सदरा अंगाला सुसह्य वाटतो तो या जलप्रेमामुळेच, आणि पाण्याला दूर ठेवणाऱ्या डिस्पर्स रंगाला त्या धाग्यात आसरा मिळत नाही तोही याच गुणामुळे. सुती कापडावर सब्लिमेशनचा कागद दाबला तर प्रथम फिकट चित्र उमटते आणि काही धुण्यांतच ते विटून जाते. ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस असलेल्या पॉलिवस्त्रात पॉलिएस्टरचा भाग रंगतो व कापसाचा भाग जवळपास कोराच राहतो, त्यामुळे चित्र जुनाट व धुरकट दिसते.

कापसाला रंग देणे हे मुळातच कष्टाचे काम आहे आणि वर्ध्याला त्याची चांगली ओळख आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र १९३४ पासून ज्या मगनवाडीत होते, तिथेच ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले, आणि त्याच संस्थेच्या पुढील काळातील खादीकामात नैसर्गिक रंगाईला मानाचे स्थान मिळाले. हिरडा, डाळिंबाची साल, मंजिष्ठा यांसारख्या द्रव्यांचा रंग सुतावर टिकावा म्हणून आधी तुरटीसारखे बंधक, म्हणजे रंग आणि धागा यांना जोडून धरणारे द्रव्य, वापरावे लागते, आणि त्यासाठी पाणी, वेळ व अनुभवी हात लागतात. मिनिटभरात, पाण्याच्या थेंबाशिवाय होणाऱ्या सब्लिमेशनशी तुलना करता ही पद्धत संथ आहे, परंतु ती धाग्याच्या स्वभावाला धरून चालते.

कापडावर ओळख छापण्याची परंपराही या भागात जुनी आहे. १८८९ च्या मालचिन्ह कायद्याने गिरणीतून निघणाऱ्या ताग्यावर त्याची लांबी यार्डांत छापणे बंधनकारक केले, आणि हिंगणघाट व पुलगावच्या गिरण्या त्याच काळातल्या. खादीच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण १९५६ च्या कायद्यानुसार हातकताईच्या सुतापासून हातमागावर विणलेले सुती, रेशमी अथवा लोकरी कापड हेच खादी होय आणि निव्वळ नजरेने ते ओळखणे सामान्य ग्राहकाला अवघड जाते; म्हणूनच २०१३ मध्ये खादी मार्कची नियमावली आली. अशा कापडावरील चिन्ह हे शोभेपुरते नसते, त्यावर कातणारणीचा आणि विणकराचा मोबदला अवलंबून असतो, त्यामुळे ते टिकाऊ असणे अगत्याचे आहे.

सुती कपड्यावर उष्णतेने चिन्ह लावण्याचे मार्ग आहेत, पण ते सारे आडवळणाचे आहेत. पॉलिएस्टरच्या पट्टीवर सब्लिमेशनने छापून मागे वितळणाऱ्या गोंदाचा थर द्यायचा आणि ती पट्टी कापडावर दाबायची, हा एक. फिल्मवर पांढऱ्या शाईसह छापून त्यावर चिकट पावडर भुरभुरायची व ते चित्र कापडावर उतरवायचे, ही डीटीएफ नावाने बाजारात रुळलेली पद्धत दुसरी. आणि कापडावरच पॉलिमरचा लेप देऊन त्या लेपात रंग मुरवायचा, हा तिसरा. तिन्हींत सुताच्या अंगावर प्लास्टिकचा पापुद्रा बसतो, त्या जागी कापडाचा श्वास कोंडतो आणि कपडा जीर्ण झाल्यावर उरलेले सूत मातीत मिसळले तरी तो पापुद्रा मागे राहतो.

रंगीत पॉलिएस्टरवरही लेबल लावताना सावधगिरी लागतेच. जो रंग एकदा वाफ होऊन धाग्यात शिरला तो पुन्हा तापवल्यास बाहेरही येऊ शकतो. लाल जर्सीवर गरम प्रेसने चिकटवलेले पांढरे लेबल काही दिवसांत गुलाबी पडते ते यामुळे, आणि त्यावर उपाय म्हणून लेबलाच्या पाठीस कार्बनयुक्त करड्या रंगाचा रोधक थर देतात व दाबण्याचे तापमान शक्य तितके खाली ठेवतात. अशा कपड्यांना कडक इस्त्री टाळावी, ही सूचना याच कारणाने दिली जाते.

सब्लिमेशनच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागते, ती पाण्याची. या छपाईनंतर कापड धुवावे लागत नाही, रंगाचे सांडपाणी निघत नाही, आणि पाणीटंचाईच्या प्रदेशात हा लाभ मोठा आहे. त्याची किंमत एकदाच वापरता येणाऱ्या कागदाच्या रूपाने मोजावी लागते. खेळाडूंच्या जर्सीसाठी आणि पॉलिएस्टरच्या गणवेशासाठी हे तंत्र सर्वार्थाने योग्य आहे. खादीसाठी मात्र अरुंद सुती फीत, तिच्यावर पिगमेंट शाईने स्क्रीनद्वारे छापलेले नाव आणि कडेने सुती दोऱ्याची शिवण एवढे पुरते: पिगमेंटचे कण बंधक राळेच्या अगदी पातळ थराने सुतावर धरून राहतात, छपाई कोरड्या उष्णतेने पक्की करता येते, आणि फीत कपड्याबरोबरच धुतली जाते, आटते व झिजते.