क्राकाताऊचे नवे रहिवासी

जावा आणि सुमात्रा यांच्या दरम्यानच्या सुंद सामुद्रधुनीतील क्राकाताऊ बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग २७ ऑगस्ट १८८३ रोजी ज्वालामुखीच्या उद्रेकात सागरात गडप झाला आणि त्यामुळे उसळलेल्या लाटांनी आसपासच्या किनाऱ्यांवरील हजारो माणसांचा बळी घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु तप्त राखेखाली गाडल्या गेलेल्या उर्वरित डोंगरावर सजीवांनी पुन्हा आपला अंमल कसा बसविला, ती कथा मला अधिक विस्मयकारक वाटते.

मे १८८४ मध्ये तेथे उतरलेल्या फ्रेंच पथकाला एकच प्राणी आढळला : जाळे विणीत बसलेला एक अतिसूक्ष्म कोळी. जाळ्यात सापडावे असे त्या रखरखाटात काय होते, ते त्यालाच ठाऊक! कोळ्यांची पिले रेशमी तंतू सोडून वाऱ्यावर तरंगत जातात, तेव्हा मधला समुद्र त्याला आडवा येण्याचे कारण नव्हते. १८८६ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रॉइब यांना राखेवर नीलहरित शैवालांचा बुळबुळीत थर व त्यावर उगवलेले नेचे दिसले, कारण नेच्यांचे बीजाणू धुळीसारखे उडतात. आणि पुळणीवर हळूहळू उंडी, मर्यादवेल अशी, आपल्या कोकणकिनाऱ्यालाही परिचित असलेली मंडळी जमली, ज्यांची फळे वा बिया खाऱ्या पाण्यावर दीर्घकाळ तरंगूनही रुजण्यास समर्थ राहतात.

उंबराच्या कुळातील वृक्षांचा मामला मात्र बिकट. त्यांच्या बिया पक्षी व वटवाघळे पोटातून घेऊन आली खरी. पण पिकलेले उंबर फोडताच जी बारीक चिलटे दिसतात, त्यांच्यासारख्या कीटकांवाचून या वृक्षांचे परागीभवन होत नाही, आणि बहुधा प्रत्येक जातीचा कीटक निराळा! झाड आले तरी तो वाऱ्यावर येऊन पोहोचेपर्यंत पुढची पिढी खोळंबलेलीच.

अजगर व घोरपड पोहून अथवा ओंडक्यांवरून पोहोचली. बेडकाचे नाव मात्र हजेरीपटावर चढले नाही, कारण त्याची पातळ त्वचा आणि अंडी यांना खारे पाणी सोसत नाही.

या सर्वांवर १९२९ साली बाकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने हरकत घेतली : आरंभी सारे बेट कोणी धुंडाळलेच नव्हते, तेव्हा राखेखाली काही मुळे-बीजे जिवंत राहिली नसतील कशावरून? आक्षेप रास्त होता, आणि त्याचा निर्णायक निवाडा जुन्या बेटावर होणे अशक्यच होते. परंतु १९३० साली शेजारीच समुद्रतळातून एक नवे बेट कायमचे वर आले, ज्याला पूर्वीची माती नव्हती आणि मुळेही नव्हती. त्याच्याही किनाऱ्यावर काही वर्षांतच हिरवे कोंब दिसू लागले.