पांगुळगाडा, पडणे आणि पदार्थविज्ञान

तुमच्या घरी किंवा शेजारी नुकतेच चालू लागलेले बाळ असेल, तर एक साधा प्रयोग करून पाहा. वही-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ तासभर बसा. ते किती पावले टाकते आणि किती वेळा पडते, हे मोजा. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच मोजणी करून ती २०१२ साली प्रसिद्ध केली. १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे त्यांना आढळले. मोठ्या माणसाने हे केले असते, तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवले नसते! बाळ मात्र उठते आणि पुन्हा चालू लागते.

बाळ इतके पडते का? याचे उत्तर अर्धापूरच्या शिवारात सापडेल. केळीच्या झाडाला मोठा घड लागला, की शेतकरी त्याला बांबूचा टेकू देतात. वर वजन आले, की झाडाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि थोड्याशा वाऱ्यानेही ते कलंडू शकते. बाळाचेही तसेच आहे. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे एक अष्टमांश असते; नवजात बाळाचे जवळजवळ एक चतुर्थांश. वर्षाच्या बाळाचे डोकेही अंगाच्या मानाने बरेच मोठे आणि पाय आखूडच असतात. म्हणून नवखे बाळ पाय फाकवून चालते आणि आपला पाया रुंद करून घेते.

दुसरे कारण तुमच्या तळहातावर पाहता येईल. हातभर लांब काठी तळहातावर उभी तोलून धरा. मग तशीच पेन्सिल धरून पाहा. काठी सावरता येते, पेन्सिल मात्र चटकन पडते. लंबकाचा आंदोलनकाल लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, हे तुम्ही शिकला आहात. उभी वस्तू कलंडायला लागणारा वेळही असाच वाढतो. बाळाची उंची ७५ सें.मी. आणि आईची १६५ सें.मी. धरली, तर हे गुणोत्तर २.२ येते. २.२ चे वर्गमूळ सुमारे १.५. म्हणजे तोल जाऊ लागल्यावर आईला सावरायला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच बाळाला मिळतो. ज्याला शिकायचे आहे, त्याच्याच पुढ्यात कठीण गणित!

पण निसर्गाने भरपाईही केली आहे. बाळाचे वजन ९ किलो आणि आईचे ६० किलो धरले, तर वजन सुमारे साडेसहा पट आणि उंची २.२ पट. उभ्याने पडताना मोकळी होणारी ऊर्जा या दोहोंच्या गुणाकाराप्रमाणे बदलते. तेव्हा बाळाच्या पडण्यातील ऊर्जा आईच्या पडण्याच्या सुमारे चौदाव्या भागाइतकीच असते. त्यातून बाळ बहुधा बुडावर बसते. सपाट जमिनीवरचे असे पडणे म्हणजे त्याचा अभ्यासच होय. प्रत्येक वेळी स्नायू, डोळे आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय यांचा मेळ थोडा अधिक बसतो.

मग या अभ्यासाला मदत कशी करायची? आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा यासाठी चांगला. बाळ त्याची दांडी धरते तेव्हा आधाराचा पाया रुंद होतो. पण वजन स्वतःच्या पायांवरच राहते आणि पावले डोळ्यांना दिसतात. अर्थात तो सपाट जागी आणि कोणीतरी जवळ असतानाच द्यावा. ज्यात बाळाला मधोमध बसवतात तो चाकांचा वॉकर वेगळा. त्यात वजन बैठक पेलते, बाळ बोटांनी जमीन ढकलते आणि क्षणात पायरीपर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोहोचते. त्यामुळे मूल लवकर चालते असे दिसून आलेले नाही. अपघात मात्र इतके झाले, की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

पडू द्यावे, पण कोठे पडते हे पाहावे. आपल्या मराठवाड्यात पाणी साठवून ठेवावे लागते, म्हणून घरोघर बादल्या, टिपाडे आणि हौद भरलेले असतात. बादलीत वाकलेल्या बाळाचे जड डोके खाली जाते आणि त्याला स्वतःला वर येता येत नाही. वीतभर पाणीही जीव घेऊ शकते, आणि तेही आवाज न होता. बादली रिकामी करून पालथी घालणे, टिपाडावर घट्ट झाकण ठेवणे, हे काम आजपासून तुमचे.

चालण्याला इंधनही हवे. पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सें.मी. वाढते, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मेच. वाढीचा वेग मंदावतो तशी भूकही कमी वाटते. घाबरून कोंबू नये. पोट लहान असल्याने थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. कुस्करलेले केळे उत्तम, पण त्यात लोह फार थोडे. म्हणून वरणात कुस्करलेली भाकरी, पालेभाजी, अंडे हेही हवे. शेंगदाणे अख्खे कधीच देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या.

वाढ नीट होते आहे का, हे अंगणवाडीतील वजनकाटा आणि वृद्धीपत्रक सांगते. एका ठिपक्यावर न जाता रेषा कोठे चालली आहे ते पाहावे. रेषा आडवी झाली, तर विचारपूस करावी. महाराष्ट्राने २००५ साली, तेव्हाच्या औरंगाबादेतून, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले आणि पहिल्या दोन वर्षांवर भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर आले. खुजेपणा नशिबात लिहिलेला नसतो, हे यावरून कळते.

शेवटी एक इशारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार निरोगी मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटी चालू लागतात. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्याला ओढून चालवू नये. दीड वर्ष उलटूनही ते चालत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

तुमची मोजणी पूर्ण झाली, की ती दर पंधरा दिवसांनी पुन्हा करा आणि आलेख काढा. पावलांची रेषा वर आणि पडण्याची खाली जाताना दिसली, की एक माणूस घडताना तुम्ही मोजलेला असेल.