बंद झालेल्या लेथचा पार्ट हवाय? कंपनीचं नाव सोडा, आटे मोजा

फोनचा चार्जर हरवला की तुम्ही दुकानात जाऊन सरळ ‘टाइप-सी द्या’ म्हणता. फोनची कंपनी बंद पडली असली तरी काही अडत नाही, कारण पोर्ट ठरलेला आहे. लाकूड कातायच्या लेथचंही तसंच असतं. हे कळायला मला दोन आठवडे लागले आणि एक अडॅप्टर वाया गेला.

वर्ध्याला आमच्या घरी काकांचा छोटा वुडलेथ आहे, निवृत्तीनंतर छंद म्हणून सेकंडहँड घेतलेला. त्याच्या चकचा, म्हणजे लाकूड पकडून फिरवणाऱ्या भागाचा, एक जबडा तुटला. मॉडेल कधीच बंद झालंय. नाव टाकून सर्च केलं तर जुने फोटो तेवढे मिळाले, विकायला काही नाही. इकडे तान्हा पोळा तोंडावर आलेला. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात लहान मुलं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत मिरवतात. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर भलेमोठे नंदी निघतात. भाचीच्या नंदीला चार चाकं हवी होती आणि काका म्हणाले, “विकतची नको, आपण कातू.”

मी नवा चक ऑनलाइन मागवायचं ठरवलं. हल्ली बऱ्याच चकना मागे वेगवेगळे अडॅप्टर लावता येतात. म्हणजे फक्त अडॅप्टर आपल्या स्पिंडलच्या आट्यांवर बसला पाहिजे. मी टेपने स्पिंडल मोजला, साधारण २० मिमी वाटला, आणि टर्नरकडे जाऊन ‘एम २०’ सांगून आलो. त्याने विचारलंही, “भाऊ, आटा इंची हाय का मिलीमीटरचा?” मी इंजिनिअरिंगची डिग्री असल्याच्या आत्मविश्वासाने ‘मिलीमीटर’ म्हणालो. अडॅप्टर चढला, पण डुगडुगत. असा चक मशीनवर फिरवायचा नसतो. २००० आरपीएमला १० सेंटीमीटरच्या चाकाची कड ताशी ३८ किलोमीटरने पळते. ते सुटून आलं तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

मग फोन काढला. स्टीलची पट्टी आट्यांना चिकटवून धरा. फोन एकदम जवळ नेऊ नका, जवळून फोटो वाकडा येतो. फूटभर लांब राहून दोनपट झूम करा आणि कॅमेरा पट्टीला अगदी समोर ठेवा. आता फोटो मोठा करून एका आट्याच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत अशी दहा अंतरं मोजा. एकच अंतर मोजलं तर चूक लपते, दहा मोजली की उघडी पडते. पिच दीड मिमी असता तर दहा अंतरांना १५ मिमी लागले असते. माझ्याकडे जवळपास १५.९ आले. २५.४ भागिले १६ म्हणजे १.५८७५. स्पिंडल इंची होता! मग व्हर्नियर उसना आणून व्यास पाहिला, १९ मिमीच्या आसपास, म्हणजे पाऊण इंच. त्या आट्याचं नाव ३/४–१६, इंचाला सोळा आटे.

हे कळल्यावर शोधायची पद्धतच बदलली. सर्चमध्ये मशीनचं नाव नाही, इंग्रजीत हे माप आणि पुढे ‘वुडलेथ चक’ टाकलं, आणि रिझल्ट्सची रांग लागली. अमेरिकन मध्यम लेथवर बहुतेकदा १ इंच ८ आटे दिसतील, युरोपातल्या मोठ्या लेथवर एम ३३ × ३.५. टेलस्टॉकमधल्या निमुळत्या भोकालाही ठरलेलं माप आहे, मोर्स टेपर. रुंद तोंड १७.८ मिमी असेल तर दोन नंबर, १२.१ असेल तर एक नंबर. एकोणिसाव्या शतकातलं हे माप आजही चालतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना एवढी बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी कधी जमली नाही.

टर्नरकडे ३/४–१६चा टॅप पडलेलाच होता, गाड्यांच्या कामात लागतो म्हणे. नवा अडॅप्टर करून घेताना एकच सांगा: त्याचा मागचा चेहरा स्पिंडलच्या खांद्याला सपाट टेकला पाहिजे, नाहीतर चक थरथरतो.

थ्रीडी प्रिंट? नॉबपुरतं ठीक, फिरणारा चक अजिबात नाही. त्यातही पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे टिनाच्या शेडमध्ये काय होतं ते वर्धेकरांना सांगायला नको.

चाकं कातताना काका १९२९ची गोष्ट सांगत होते. गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटींमध्ये नुसता वेग नव्हता. यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असंही होतं. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात चरखे पाहायला गेलात तर चातीकडे जरा या नजरेने बघा.

टूल रेस्टचा दांडा अजून मिळालेला नाही. भोक १५.९ मिमी आहे, म्हणजे ५/८ इंच, आणि दुकानदार १६ मिमीचाच दांडा गळ्यात मारू पाहतोय. तोवर मी हेडस्टॉकवर ऑइलपेंटने ‘३/४–१६’ लिहून ठेवलंय.