सासरकडचा वाटा

या आठवड्यात अ‍ॅस्पिरिनवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या लेखावर ढकलतोय, कारण एका वाचक बाईंनी माझ्या आवडत्या विषयालाच हात घातला आहे. त्यांच्या सुनेला आठव्या महिन्यात प्रीएक्लॅम्प्सिया झाला, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार, जो विकोपाला गेला तर झटके येतात. डॉक्टरांनी सुनेच्या आईची, बहिणींची चौकशी केली. बाई लिहितात, "याच मुलाच्या वेळी मला झटके आले होते. मला कुणी विचारलंच नाही. मी आपणहून सांगायला हवं होतं का?"

हो, सांगायला हवं होतं.

अमेरिकेत जर्सी सिटीच्या मार्गारेट हेग प्रसूतिगृहात झटके आलेल्या बायकांचा संशोधक लिऑन चेस्ली यांनी अनेक दशकं माग ठेवला. आधी त्या बायकांचा, मग त्यांच्या लेकी-नातींचा. 1986 साली त्यांनी आकडे मांडले: पहिल्या गरोदरपणात हा आजार लेकींपैकी 26 टक्क्यांना, नातींपैकी 16 टक्क्यांना आणि सुनांपैकी 6 टक्क्यांना झालेला. सुना घेतल्या त्या तुलनेपुरत्या. त्या बाहेरून आलेल्या, रक्ताचं नातं नाही. चिकाटी पाहावी तर चेस्लींची. पण सुनांच्या बाबतीत एक मेख होती.

सून बाहेरची असली तरी तिच्या पोटातलं मूल बाहेरचं नसतं. आणि वार ही गर्भाचीच, म्हणजे तिच्यातली निम्मी जनुकं बापाची. 2001 मध्ये अमेरिकेतल्याच युटा राज्यातल्या नोंदींतून दिसलं की ज्याच्या वेळी आईला हा आजार झाला होता, त्या पुरुषाच्या बायकोला तो होण्याची शक्यता साधारण दुप्पट. अशा आईच्या लेकीची तिपटीहून जास्त. माहेरचं पारडं जडच. नॉर्वेतला 1998 चा अभ्यास तर आणखी बोलका आहे. एका बायकोला प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, तर त्याच पुरुषापासून दिवस गेलेल्या दुसऱ्या बाईलाही धोका जवळपास दुप्पट.

2017 मध्ये गर्भाच्या जनुकांतच एक धागा सापडला, तेराव्या गुणसूत्रावर एफएलटी-1 या जनुकाजवळ. या जनुकापासून वारेत तयार होणारं एक प्रथिन आईच्या रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर धड ठेवणारे घटक अडवून धरतं. ते फार झालं की बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं. गर्भात तेरावं गुणसूत्र तीनदा आलं तर आईला हा आजार जास्त होतो, तेही याला धरूनच. पूर्ण द्राक्षगर्भात तर मूलच नसतं, पेशींच्या केंद्रातली सगळी जनुकं बापाची. तरीही विसाव्या आठवड्याआधीच बीपी वाढू शकतं.

एफएलटी-1 जवळच्या त्या फरकाने धोका थोडाच वाढतो, त्यासाठी जनुक तपासणीच्या मागे लागू नका. पण सुनेचं नाव घालायला जाल तेव्हा नवऱ्याच्या आईची बाळंतपणं कशी झाली, आणि त्याचं हे दुसरं लग्न असेल तर पहिल्या बायकोला काय त्रास झाला होता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.