एका पंगतीचे सात दिवस

बंजारा समाजाचे पोहरादेवी, नृसिंह सरस्वतींचे कारंजा, जैनांचे शिरपूर आणि दर्ग्यासाठी प्रसिद्ध मंगरुळपीर ही सारी वाशीम जिल्ह्यातली. साहजिकच येथील महाविद्यालयांत वऱ्हाडी, गोरबोली, उर्दू या घरच्या बोली एकाच बाकावर भेटतात. मात्र डबे उघडले, की अनेकदा गट वेगळे होतात. हे अंतर मिटविण्याचे साधन म्हणजे १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात श्रमदान, जेवण, मुक्काम एकत्रच असतो. ज्या संत गाडगेबाबांचे नाव अमरावती विद्यापीठाला लाभले, त्यांनी हाती खराटा घेऊन हीच शिकवण दिली. मात्र शंभर स्वयंसेवकांच्या पथकातून साधारण निम्म्यांनाच शिबिराची संधी मिळते. ती सर्वांना मिळायला हवी.