कंटेनर अडतो बंदरात, चूक झालेली असते जेटीवर



पहाटे मालिमला किंवा कुटबणला बोट लागते. माणकीचे क्रेट उतरतात, वजन होतं, एजंट वहीत लिहितो आणि गाडी भरून जाते. आपल्या दृष्टीने काम संपलं. माझं काम तिथून सुरू होतं.

मी मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत एक्स्पोर्ट कोऑर्डिनेटर आहे. घरचे विचारतात, "अरे, तू मासळीला हातही लावत नाहीस, मग दिवसभर करतोस काय?" कागद सांभाळतो. पण त्या कागदांवर सुरुवातीची नोंद आपल्या बोटीची असते, म्हणून हे लिहितोय.

माल फॅक्टरीत साफ होऊन गोठला की चाळीस फुटी रीफर कंटेनरात भरतात. साधारण 25 टन माल, तापमान उणे 18 अंश. गोव्यातला बराच माल रस्त्याने न्हावा शेवाला जातो, वाटेत कंटेनर जनरेटरवर चालतो. त्याआधी मला जहाजावर जागा बुक करायची, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट करायची, कस्टमचं शिपिंग बिल भरायचं, एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीकडून हेल्थ सर्टिफिकेट घ्यायचं आणि भरलेल्या कंटेनरचं वजन कळवायचं. बंदराची ठरलेली वेळ चुकली, की जहाज आपल्यासाठी थांबत नाही.

माल युरोपला जाणार असेल तर आणखी एक कागद लागतो, कॅच सर्टिफिकेट. चोरटी मासेमारी रोखायची म्हणून युरोपने 1 जानेवारी 2010 पासून तो सक्तीचा केलाय. आपल्याकडे तो एमपीईडीए मंजूर करते. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मासळीची जात, पकडल्याची तारीख, समुद्राचा भाग आणि वजन असतं. आता 10 जानेवारी 2026 पासून तिकडच्या आयातदारांना हे सगळं 'कॅच' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत भरावं लागतं. म्हणजे चूक सापडायला वेळ लागणार नाही.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. स्पेनला कटलफिशचा कंटेनर गेला होता. माल एक नंबर. पण तिकडच्या तपासणीत एका बोटीचा नंबर जुळेना. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. वीस बोटींचा माल एकाच कंटेनरात, त्यामुळे एका बोटीपायी एकोणीस जणांची मासळीही अडकली. कंटेनर बंदरात प्लगला लावून उभा. रोज विजेचं भाडं, रोज जागेचं भाडं. दुरुस्तीचा कागद तयार होऊन पोचेपर्यंत अकरा दिवस गेले.

शोध घेतला तेव्हा कळलं, की जेटीवर कोणीतरी तोंडी नंबर सांगितला आणि वहीत घाईने लिहिला गेला. एकाच देवाच्या नावाच्या तीन-तीन बोटी आपल्या जेटीवर असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळत नाही. चूक माझीही होतीच. यादी आली तशी मी टाइप केली, नोंदणीशी पडताळली नाही. आता पडताळल्याशिवाय मी एकही यादी पुढे पाठवत नाही.

ते पैसे कोणाचे गेले? कागदावर कंपनीचे. पण खरेदीदाराकडून पैसे उशिरा आले, तसं एजंटचं देणं लांबलं आणि एजंटचं लांबलं तसं बोटमालकांचं. डिझेलची, बर्फाची उधारी मात्र कोणी थांबवत नाही. बोटमालकांना वाटलं एजंट टाळाटाळ करतोय. खरं कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही.

काही गोष्टी आपल्या हातात नसतात. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-चौदा दिवस जास्त, भाडंही वाढलं. त्यावर मी काय करणार? पण बोटीचा नंबर तर आपल्या हातात आहे ना!

म्हणून एवढं करा:

1. नोंदणी क्रमांक तोंडी सांगू नका. नोंदणीच्या कागदाचा फोटो तांडेलाच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि वहीत काय लिहिलं ते बघा.

2. मासळी पकडल्याची तारीख वेगळी आणि विकल्याची वेगळी. 1 जून ते 31 जुलै बंदी असते. 30 मेला पकडलेला माल 2 जूनला विकला आणि तीच तारीख पकडल्याची म्हणून गेली, तर कागदावर तुम्ही बंदीत मासेमारी केलीत!

3. आपण सगळ्यांनाच माणकी म्हणतो. कागदावर स्क्विड वेगळा, कटलफिश वेगळा. क्रेट भरतानाच वेगळे करा.

4. बांगड्याला जाळ्यातून काढल्याबरोबर बर्फ द्या. उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते मग गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. तपासणीत सापडलं तर माल नाकारला जातो.

5. कुठे गेलात, कोणतं जाळं टाकलं, किती दिवस होतात, हे रोज दोन ओळींत लिहून ठेवा. विचारणा चार महिन्यांनी येते, तोपर्यंत कोणालाच आठवत नाही.

आणि एजंटला विचारायला लाजू नका: "आमचा माल कुठल्या देशात गेला? पैसे का थांबले?" तो तुमचा हक्क आहे.

शेवटी आपल्या पोरांसाठी एक गोष्ट. बारावी झाली, बी.कॉम. झालं, आता दर्यावर जायचं नाही म्हणतात. मग हे काम शिका. इन्व्हॉइस, कस्टम, बँकेचे कागद हे शिकता येतं. पण मे महिन्यातली माणकी आणि ऑगस्टमधली माणकी यातला फरक ऑफिसात बसून कळत नाही. तो तुम्हाला घरातच मिळालाय. माझ्या कामात मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झालाय.

पोस्ट आपल्या तांडेलाला नक्की वाचून दाखवा. वही त्याच्याच हातात असते.